मुठीला टेकेल एवढी उंची

मित्रांनो, मी सुतारकामाचं एक जुनं टेबल आहे. वडवणीत बाजारतळाच्या मागं सुग्रीव सुताराचं घर आहे, आणि घराला लागूनच पत्र्याची शेड आहे. त्या शेडच्या मधोमध मी उभा असतो. तुम्ही ज्यावर वह्या ठेवता तसलं गुळगुळीत टेबल डोळ्यांसमोर आणू नका. माझी फळी कडुलिंबाची आहे आणि चांगली जाड आहे. पाय बाभळीचे आहेत. एका कडेला लाकूड घट्ट धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा आहे. अंगभर करवतीचे ओरखडे, सरसाचे डाग आणि खिळ्यांची भोकं आहेत. माझ्यावर ठेवून लोक लाकूड कापतात, तासतात, ठोकतात. त्या वेळी आपण हलायचं नाही, एवढंच माझं काम.

लहान मुलं उंच होत जातात. माझी उंची मात्र आजवर दोनदा कमी झाली. कशी, ते सांगतो. टेबल किती उंच असावं, हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. मलाही पूर्वी तो किरकोळच वाटायचा.

सुग्रीवचे वडील जमिनीवर बसून काम करायचे. लाकूड पायांच्या तळव्यांत धरायचं आणि वाकून तासायचं. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं होतं. पण सुग्रीव वाढला तो ताडमाड. कुणाच्याही घरात शिरताना त्याला मान खाली घालावी लागे. खाली बसून काम केलं की संध्याकाळी त्याची पाठ सरळच होत नसे. पुढं तो संभाजीनगरला एका फर्निचरच्या कारखान्यात कामाला गेला. तिथं सगळे उभं राहून टेबलावर काम करत होते. सुग्रीवला ते फार आवडलं. पण तिथली टेबलं मालकाच्या मापाची, आणि मालक होता बुटका. सुग्रीव उभा राहूनही वाकलेलाच राहिला.

तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की गावी जाऊन स्वतःचं टेबल करायचं आणि ते चांगलं उंच करायचं.

तलवाड्याच्या एका शेताच्या बांधावर वादळात लिंबाचं झाड पडलं होतं. सुग्रीवनं त्याचं लाकूड आणलं, बरेच महिने सावलीत सुकवलं आणि त्यातून मला घडवलं. माझी फळी त्याच्या बेंबीच्याही वर येत होती. शेजारी सलीमचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो लोखंडी दारं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. मला बघायला सगळ्यांत आधी तोच आला. माझ्याभोवती फिरून तो हसत म्हणाला, "टेबल केलं का माळवद केलं, भाऊ? वर चढायला शिडी मी करून देऊ का?"

सुग्रीवला राग आला. पण चार-पाच दिवसांत त्याचा खांदा दुखायला लागला. पाठ बरी होती, मग खांदा का दुखतोय, हे त्याला कळेना. मलाही कळेना. मग एक दिवस त्यानं लाकूड तासायचा रंधा मारता मारता मधेच थांबून स्वतःकडं बघितलं. त्याची कोपरं वर उचललेली होती. लाकडावर रंधा ढकलत होते ते नुसते हात. बाकीचं अंग मागं आरामात उभं होतं. कारखान्यात वाकून का होईना, पण अंगाचं वजन रंध्यावर पडत होतं. इथं ते पडतच नव्हतं.

तो माझ्याशेजारी अनवाणी उभा राहिला, कारण काम करताना तो अनवाणीच असे. त्यानं हात सैल सोडले, मुठी वळल्या, आणि मूठ जिथं आली तिथं माझ्या पायावर पेन्सिलीनं खूण केली. मग मला उलटं करून त्यानं खुणेच्या हिशेबानं माझे चारही पाय कापले. मित्रांनो, ही माझी पहिली कपात.

दुसऱ्या दिवशी रंधा असा पळाला की शेडभर लाकडाच्या पातळ ढलप्या झाल्या. मात्र पटाशीनं बारीक नक्षी कोरायची वेळ आली तेव्हा मी त्याला ठेंगणा पडायला लागलो, कारण त्या कामाला जोर लागत नाही, नजर लागते. मग सुग्रीवनं एक लहानसं खोकं केलं. कोरायचं असलं की ते माझ्यावर ठेवायचं आणि त्यावर काम करायचं. एकच माणूस, पण त्याच्या दोन कामांना दोन उंच्या लागतात, हे मी तेव्हा शिकलो.

पुढची बरीच वर्षं मी त्याच मापाचा होतो. माझ्यावर किती देव्हारे, किती चौकटी, किती पोळपाट तयार झाले, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. लग्न होऊन विजयमाला घरात आली तेव्हापासून तीही शेडमध्ये असायची. ती खाली पोत्यावर बसून घासकागद मारायची, पॉलिश करायची. लाकडावरून अंगठा फिरवून ती सांगायची, "हितं अजून खरबरीत हाय." तिचं कधी चुकत नसे. पण माझ्यापाशी उभं राहून तिनं कधी काम केलं नव्हतं. नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सलीमच्या मुलीचं, जिनतचं लग्न ठरलं. जिनत लहानपणी आमच्याच शेडमधल्या ढलप्यांत खेळायची. सुग्रीव सलीमला म्हणाला, "पोरीला दिवाण मी देणार. सागवानी. तू लोखंडाला हात लावू नको."

त्यानं काम सुरू केलं. दिवाणाचे पाय झाले. बाजूच्या दोन लांब पाट्या कापून ठेवल्या. त्या रंधून गुळगुळीत करायच्या होत्या आणि उशाकडच्या फळीवर वेल कोरायची होती. एवढ्यात तलवाड्याहून एका घराच्या छपराचं काम आलं. सुग्रीव वासे बसवायला वर चढला आणि पाय घसरून खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. बीडच्या दवाखान्यात पायात गज घालावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, काठीच्या आधारानं चालता येईल, पण तासन् तास उभं राहणं आता विसरा.

घरी आल्यावर त्याची बाज दारातच टाकली. तिथून त्याला शेड दिसायची आणि मलाही तो दिसायचा. पण त्यानं माझ्याकडं बघायचंच सोडलं होतं. हळूहळू माझ्यावर ज्वारीचं पोतं आलं, मग पाण्याचा पाइप आला, मग मोडका कूलर. शिकंज्यावर गंज चढला. कोंबडी माझ्याखाली अंडी घालायला लागली. ज्या टेबलावर सामान ठेवतात, त्याला कुणी कामाचं टेबल म्हणत नाही. मला वाटलं, आता माझं काम संपलं.

एक दिवस सलीम आला. बाजेच्या कडेला बसून तो हळूच म्हणाला, "सुग्रीवभाऊ, दिवाणाचं मनावर घेऊ नका. तब्येत बघा. मी लोखंडी पलंग करतो जिनतसाठी."

सुग्रीवनं तोंड भिंतीकडं फिरवलं. सलीम थोडा वेळ बसला आणि गेला. विजयमाला चहाचे कप उचलत होती. नवऱ्याची पाठ ती किती तरी वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यावरचं पोतं उचललं. कूलर बाहेर काढला. गंजावर तेल सोडून फडक्यानं शिकंजा घासला आणि दिवाणाची एक पाटी त्यात अडकवली.

"काय करायलीस?" बाजेवरून आवाज आला.

"रंधा मारते. पाट्या मी करते. कोरायचं नंतर बघू."

"अगं, ते काय घासकागद हाय का?"

"न्हाई. म्हणूनच रंधा घेतलाय."

मित्रांनो, तिची उंची सुग्रीवच्या छातीएवढी. मी तिच्या बेंबीच्या वर येत होतो. रंधा पाटीवर ठेवला तेव्हाच तिची कोपरं पाखराच्या पंखांसारखी वर गेली. रंधा थोडा सरकायचा, अडखळायचा, लाकडाला चरे पाडायचा. ती पुन्हा पुन्हा ढकलायची. बाजेवरचा माणूस चिडायचा.

"दाब की! नुसतं पुढं काय ढकलायलीस?"

"दाबतेच हाय."

"कुठं दाबतीस? तुझ्या हातात जोरच न्हाई. राहू दे ते."

रोज असंच व्हायचं. संध्याकाळी ती स्वतःचा खांदा स्वतःच चोळत बसायची. त्याचं म्हणणं तिला हळूहळू पटायला लागलं होतं. एकदा ती माझ्या फळीवर हात टेकून स्वतःशीच म्हणाली, "लई हौस केली. आपलं काम न्हाई हे."

मी काय सांगणार? मला तोंड असतं तर म्हणालो असतो, की हाच खांदा याच टेबलावर त्याचाही दुखला होता.

पण ते कारण तिचं तिलाच सापडलं, आणि तेही शेडमध्ये नाही. तिची बहीण साखराबाई हिनं नवीन घर बांधलं होतं. त्या घराच्या स्वयंपाकखोलीत उंच ओटा होता. विजयमाला एक दिवस तिला मदत करायला गेली आणि ओट्यावर परात ठेवून भाकरीचं पीठ मळायला लागली. पीठ काही केल्या मळेना. रोज दोन्ही वेळा पीठ मळणाऱ्या बाईच्या हातात जोर नाही असं कसं होईल? तिनं परात उचलून खाली फरशीवर ठेवली, गुडघ्यावर बसली आणि हातांवर अंग टाकलं. बघता बघता पिठाचा मऊ गोळा झाला.

हे तिनं घरी येऊन सुग्रीवला सांगितलं, म्हणून मलाही कळलं. सांगता सांगता ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हात खाली सोडले, मूठ वळली. मूठ माझ्या फळीच्या खूपच खाली आली.

"आवो," ती म्हणाली, "तुमी माझ्याएवढे असते तर हे टेबल कुठवर केलं असतं?"

सुग्रीव तिच्या मुठीकडं बघत राहिला.

"तुमाला ठाऊक होतं ना?"

तो म्हणाला, "होतं."

"मग माझ्या हाताला कावून नावं ठेवली?"

त्यानं बाजेची दोरी बोटांत धरली. "टेबल कापायचं म्हंजी मलाच कापायचं, विजे. ते माझ्या मापाचं हाय. एकदा पाय कापले की मी परत तिथं उभा राहत न्हाई, हे पक्कं झालं."

मी तिथं नुसतं लाकूड म्हणून उभा नव्हतो, मित्रांनो. त्याच्या पुन्हा उभं राहण्याची आशा म्हणून उभा होतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

विजयमालानं वाद घातला नाही. तिनं कोपऱ्यातल्या जुन्या फळ्या आणल्या. टेबल खाली येत नसेल तर आपण वर जायचं, असं तिनं ठरवलं. एक फळी जमिनीवर टाकून तिच्यावर उभी राहिली आणि रंधा मारून बघितला. नाही जमलं. दुसरी टाकली. थोडं बरं वाटलं. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी ती थांबायची, कोपरांकडं बघायची, पुन्हा मारून बघायची. मी सगळं कुतूहलानं बघत होतो. पाचव्या फळीवर ती जरा जास्तच वर गेली आणि कंबर वाकायला लागली. तिनं ती काढून टाकली. चार फळ्यांवर उभं राहून तिनं रंधा ढकलला, आणि सरर्र असा एकसंध आवाज झाला. रंध्याच्या तोंडातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, लांब ढलपी बाहेर आली.

बाजेवर सुग्रीवनं मान वळवली. आवाज त्यानं ओळखला होता.

"पातं जरासं आत घे," तो म्हणाला. "अजून पातळ निघंल."

पडल्यापासून कामाबद्दल तो पहिल्यांदाच नीट बोलला होता.

फळ्या पुढं पुढं सरकवत पहिली पाटी छान झाली. दुसरीच्या वेळी मात्र ती फळ्या सरकवायला विसरली. लांब लाकूड रंधताना एका जागी उभं राहून भागत नाही. रंध्याबरोबर चालत पुढं जावं लागतं. विजयमालाचं सगळं लक्ष लाकडावर होतं. ती एक पाऊल पुढं सरकली, आणखी एक सरकली, आणि फळ्या तिथंच संपल्या. पाय हवेत पडला. ती आडवी कोसळली. रंधा हातातून उडून लांब गेला. त्याचं पातं तिच्या तोंडाजवळून गेलेलं मी बघितलं.

"विजे!"

सुग्रीव उठला. काठी कुठं होती कोण जाणे. दुखरा पाय ओढत तो दारातून शेडमध्ये आला आणि माझी कडा धरून कसाबसा उभा राहिला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं.

"लागलं का? कुठं लागलं?"

"मनगट मुरगळलंय. बाकी काई न्हाई." ती उठून बसली. त्याला उभा बघून ती घाबरली. "तुमी कावून उठलात? पडले असते म्हंजी?"

तो तिच्याकडं बघत होता, खाली विस्कटलेल्या फळ्यांकडं बघत होता, मग माझ्याकडं. माझ्या कडेवरची त्याची पकड हळूहळू सैल झाली.

"सलीमला हाक मार," तो म्हणाला. "हे टेबल उलटं करायचंय."

"राहू द्या. मी जपून करीन."

"जपून न्हाई. नीट करायचं. उभी राहा हितं."

ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि पायातल्या चपला काढायला लागली.

"चपला कावून काढतीस? काम करताना घालतीस ना? मग घालूनच उभी राहा. कामाला उभं राहतो तसंच माप घ्यायचं." तिनं आणून दिलेली काठी काखेत धरून तो वाकला. "हात सैल सोड. खांदे उचलू नको. आता मूठ वळ."

त्यानं माझ्या पायावर खूण केली. मग चार फळ्या एकावर एक ठेवून त्यांची जाडी माझ्या पायाला लावून बघितली. खुणेपासून माझ्या माथ्यापर्यंतचं अंतर आणि ती जाडी जवळजवळ एकच आली. तो स्वतःशीच हसला. "फळ्यांनी बरोबर सांगितलं होतं."

सलीम आला. त्यानं आणि विजयमालानं मला उलटं केलं. आकाशाकडं पाय करून पडलेलं टेबल कसं दिसतं, ते विचारू नका. सुग्रीव पत्र्याच्या डब्यावर बसला आणि करवत हातात घेतली.

"भाऊ, द्या हिकडं. मी कापतो," सलीम म्हणाला.

"न्हाई. मी केलंय, मीच कापणार."

पहिल्या पायाला करवत लागली. बाभूळ कठीण लाकूड आहे. तो थांबत थांबत कापत होता. मधे एकदा करवत तशीच ठेवून त्यानं डोळे पुसले. सलीम बाहेर बघायला लागला. विजयमालानं दुखरं मनगट सांभाळत माझा पाय दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. एकेक करून चारही तुकडे खाली पडले. मला सुलटं केलं तेव्हा मी एका पायावर डगमगत होतो. सुग्रीवनं तो पाय किंचित घासला, आणि मी जमिनीवर पक्का बसलो.

मनगट बरं झाल्यावर विजयमालानं दुसरी पाटी पूर्ण केली. जमिनीवर सरळ चालत, पायांकडं न बघता. दिवाण जोडला. आता उशाकडची फळी तेवढी राहिली होती.

"कोरलं न्हाई तरी चालंल," सलीम म्हणाला. "भाभींनी एवढं केलं, लई झालं."

त्या दुपारी विजयमाला घरात होती. सुग्रीव काठी टेकत शेडमध्ये आला, पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्यासमोर बसला. मला वाटतं, तो नुसता विसावा घ्यायला बसला होता. बसता बसता त्यानं हात माझ्यावर टेकले आणि तसाच थबकला.

त्याची कोपरं माझ्या फळीवर आरामात टेकली होती. खांदे खाली होते. पाठ सरळ होती. दोन्ही पाय, दुखरासुद्धा, जमिनीवर टेकले होते. त्यानं उशाकडची फळी ओढली, माझ्यावर ठेवली आणि मान थोडीशी वाकवली. फळी त्याच्या नजरेला हवी तेवढीच जवळ आली. खोकं लागलंच नाही. मी जुन्या मापाचा असतो तर मला गाठायला त्याला उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसावं लागलं असतं, आणि तसं बसणं त्या पायाला झेपलं नसतं. उभ्या विजयमालासाठी कापलेलं टेबल बसलेल्या सुग्रीवच्या मापाचं झालं होतं. हे कुणीच ठरवलं नव्हतं. मोजताना कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"विजे!" त्यानं हाक मारली. त्याच्या आवाजात इतकं नवल होतं की ती पिठाच्या हातानंच धावत आली. "पटाशी आण. ती बारकी. आणि हे बघ, बघ मी कसा बसलोय!"

जिनतचा दिवाण तिच्या सासरी गेला. वेल थोडी वाकडी आहे, कारण बऱ्याच महिन्यांनी हात चालला होता. दिवाण नेण्याआधी शेडमध्ये येऊन जिनतनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चाची, हे चाचांनी कोरलंय ना? मला कळतंय." विजयमालानं मान डोलावली आणि पाट्यांवरून अंगठा फिरवून घेतला. कुठंही खरबरीत लागलं नाही.

आता माझ्या एका कडेला ती उभी असते आणि दुसऱ्या कडेला तो बसलेला असतो. कधी कधी दोघं एकाच वेळी ठोकतात आणि एकमेकांवर ओरडतात. मला दोन्हीकडून हादरे बसतात, पण मी हलत नाही.

मित्रांनो, तुम्ही कुठं तरी बसून लिहीत असाल, चित्र काढत असाल, घरात काही काम करत असाल. मान दुखली, हात भरून आला, अक्षर बिघडलं, तर लगेच स्वतःला नावं ठेवू नका. आधी खाली बघा, पाय टेकलेत का. मग कोपरांकडं बघा, ती वर तर गेली नाहीत ना. आणि दुसऱ्या कुणाला एखादं काम जमत नसेल, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी तो कुणाच्या मापाच्या टेबलावर काम करतोय, ते विचारा. माझी काळजी म्हणाल तर अंग कोरडं ठेवा, शिकंज्याला तेल द्या आणि माझ्यावर पोती टाकू नका. गरज पडली तर खुशाल मला आणखी कापा किंवा पायांखाली ठोकळे लावा. मी लाकूड आहे, माझं माप बदलता येतं. तुमचा खांदा मात्र तुम्हाला जन्मभर पुरवायचा आहे.